पुनर्संकेतन, आर भाषेतील
पुनर्संकेतन, आर भाषेतील : पाहणीतून किंवा मोजमापातून मिळालेल्या मूल्यांच्या जागी ठराविक नियमानुसार दुसरी मूल्ये अथवा वर्गनामे ठेवण्याच्या क्रियेस पुनर्संकेतन म्हणतात. प्रश्नावलीतील १, २, ३ या संकेतांकांऐवजी शब्द लिहिणे, वयावरून वयोगट ठरविणे ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. सांख्यिकीय गणनेसाठी वापरल्या जाणाऱ्या आर या संगणक भाषेत हे काम पुष्कळदा एकात एक गुंफलेल्या सशर्त विधानांनी करतात. वर्गांची संख्या वाढली म्हणजे ही रचना दुर्बोध होते व तीतील चूक सहज ध्यानात येत नाही; म्हणून तिच्याऐवजी अन्य पद्धती योजल्या जातात.

आर भाषा रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तयार केली. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी १९७६ पासून विकसित केलेल्या एस या भाषेवर ती आधारलेली आहे. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसृत झाली. या भाषेत बहुतेक क्रिया संपूर्ण सदिशावर, म्हणजे मूल्यांच्या क्रमवार मालिकेवर, एकाच वेळी होतात. सदिशातील प्रत्येक मूल्यास अट लावून दोहोंपैकी एक उत्तर देणारे ‘इफएल्स’ हे फलन तीत आहे. दोहोंपेक्षा अधिक वर्ग हवे असल्यास एका इफएल्सच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे असे लिहावे लागते.

उदाहरणार्थ, किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून शरीर वस्तुमान निर्देशांक मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार प्रौढांच्या बाबतीत १८.५ पेक्षा कमी निर्देशांक म्हणजे कमी वजन, १८.५ पासून २५ च्या आतील म्हणजे प्रमाणशीर वजन, २५ पासून ३० च्या आतील म्हणजे अधिक वजन व ३० किंवा त्यापुढील म्हणजे स्थूलता होय. या चार वर्गांसाठी तीन इफएल्स लागतात. आतील प्रत्येक अटीचा अर्थ बाहेरील अटी खोट्या ठरण्यावर अवलंबून असतो आणि सर्व कंस शेवटी एकत्र येतात. शिवाय हे फलन मूल्यांचे गुणविशेष टाकून देत असल्याने उत्तरादाखल दिनांक दिल्यास केवळ संख्या हाती येते.

पर्यायी पद्धती : (१) वर्ग संख्यांच्या सीमांवरून ठरत असतील, तर ‘कट’ हे फलन सोयीचे असते. त्यास सीमा व वर्गनामे दिली की पुरते. मात्र वेगळी सूचना नसल्यास ते वरची सीमा खालच्या वर्गात धरते. त्यामुळे नेमका २५ निर्देशांक प्रमाणशीर वजनात जमा होतो. उजवी सीमा वगळण्याची सूचना दिल्याने हा दोष टळतो. (२) संकेतांक व अर्थ यांची जोडी ठरलेली असल्यास दोन स्तंभांची सारणी करून ‘मॅच’ या फलनाने त्या सारणीतील स्थान शोधतात. सारणीत नसलेला संकेतांक आल्यास उत्तर गहाळ मूल्य येते व चूक उघड होते. (३) अटी अनेक चलांवर अवलंबून असतील, तर डीप्लायर या संचातील ‘केस व्हेन’ हे फलन वापरतात. ते २०१६ मध्ये उपलब्ध झाले. त्यात अटी एकाखाली एक लिहिल्या जातात आणि प्रत्येक मूल्यास प्रथम खरी ठरणारी अट लागू होते.

इफएल्सच्या जागी केस व्हेन घालणे हा केवळ लेखनातील बदल नव्हे. निर्देशांक गहाळ असल्यास वरील गुंफलेल्या इफएल्सचे उत्तर गहाळच राहते. केस व्हेनमध्ये मात्र गहाळ मूल्यावरील तुलना खरी ठरत नाही व ते मूल्य शेवटच्या ‘अन्य सर्व’ या नियमाकडे जाते. तो नियम स्थूलतेचा असेल, तर ज्यांचे वजनच घेतलेले नाही अशा व्यक्ती स्थूल म्हणून मोजल्या जातात आणि संगणक कोणतीही त्रुटी दर्शवीत नाही. म्हणून गहाळ मूल्यांची अट सर्वांत प्रथम लिहितात. तसेच मूळ चल कायम ठेवून नवे मूल्य निराळ्या चलात साठवितात व दोहोंची गहाळ मूल्यांसह द्विमार्गी सारणी करून प्रत्येक जुने मूल्य कोणत्या वर्गात गेले, हे पडताळून पाहतात.