न्यूयॉर्कचा ऊर्जा-नकाशा : अंदाजाच्या रंगापासून दारावरच्या अक्षरापर्यंत

न्यूयॉर्क शहराच्या हरितगृह वायूंपैकी दोन तृतीयांशांहून अधिक वाटा इमारतींचा आहे. मोटारीचा धूर डोळ्यांना दिसतो, तळघरातला बॉयलर दिसत नाही. २००७ साली महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत ‘प्लॅनवायसी’ आराखडा आला आणि २०३० पर्यंत उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवायचे ठरले. पण कोणती इमारत किती ऊर्जा खाते, हे तेव्हा कोणालाच नेमके सांगता येत नव्हते. आकडे होते ते वीज, गॅस आणि मॅनहॅटनच्या रस्त्यांखालून नळांनी पोहोचवल्या जाणाऱ्या वाफेच्या बिलांत. एकेका उंच इमारतीत अनेक भाडेकरू आणि प्रत्येकाचे मीटर वेगळे, त्यामुळे पूर्ण इमारतीची बेरीज मालकाकडेही नसे.

ही पोकळी आधी अंदाजाने भरली गेली. कोलंबिया विद्यापीठातल्या बियांका हॉवर्ड आणि प्राध्यापक विजय मोदी (मोदी मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी) यांच्या गटाने २०१२ साली शहराच्या पाचही ‘बरों’चा (प्रशासकीय विभागांचा) नकाशा प्रसिद्ध केला. कोणाचेही खासगी बिल त्यात वापरलेले नव्हते. टपाल विभागनिहाय एकूण वापर आणि मालमत्तांच्या नोंदींतले चटईक्षेत्र यांची सांगड घालून घर, कार्यालय, दुकान, रुग्णालय अशा प्रत्येक प्रकाराला दर चौरस मीटरमागे किती ऊर्जा लागते, हे गणिताने काढले होते. मग तो दर प्रत्येक भूखंडाला लावला. भूखंडावर बोट ठेवले की खोल्या तापवणे, पाणी तापवणे, थंडावा आणि इतर वीज यांची वाटणी दिसे. शहराच्या वापराचे असे चित्र सामान्य माणसाच्या हाती प्रथमच आले, आणि या नकाशाचे मोल त्यातच होते.

त्याची मर्यादाही पद्धतीतच होती. एकाच प्रकारच्या दोन इमारतींना एकच दर लावल्यामुळे चांगली राखलेली आणि गळकी यांतला फरक नकाशावर येऊच शकत नव्हता. शिवाय रंग ठरत होता जमिनीच्या चौरस मीटरमागच्या वापरावरून. साहजिकच गगनचुंबी इमारतींचा मध्य मॅनहॅटन गडद आणि बैठ्या घरांचा स्टेटन आयलंड फिका दिसला. हाच वापर चटईक्षेत्राने भागला तर चित्र पालटते. माणशी काढला तर आणखी पालटते, कारण दाटीच्या सदनिकांत एका कुटुंबाच्या वाट्याला बाहेरच्या भिंती आणि छप्पर कमी येते. छेद कोणता घ्यायचा हा वरवर तांत्रिक वाटणारा निर्णय आहे, पण दोष कोणाच्या माथी जाणार हे त्यावरच ठरते. पुढच्या सगळ्या वाटचालीत हा प्रश्न सुटला नाही.

मोजलेले आकडे आले ते कायद्याने. डिसेंबर २००९ मध्ये मंजूर झालेल्या स्थानिक कायदा क्रमांक ८४ नुसार ५० हजार चौरस फुटांवरील इमारतींना दरवर्षी ऊर्जेचा आणि पाण्याचा वापर कळवणे भाग पडले. संख्येने अशा इमारती जेमतेम २ टक्के, पण शहरातल्या इमारतींच्या ऊर्जावापरातला त्यांचा वाटा सुमारे ४५ टक्के. नोंद करायची ती केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या ‘पोर्टफोलिओ मॅनेजर’ या साधनात. त्यातून इमारतीला १ ते १०० गुण मिळतात. ५० म्हणजे देशभरातल्या तशाच इमारतींच्या मधोमध, आणि कामाचे तास, कर्मचाऱ्यांची संख्या, हवामान हेही हिशेबात धरलेले असते.

२०१२ मध्ये बिगर-निवासी इमारतींचे गुण जाहीर झाले आणि वास्तुकलेतली प्रतिष्ठा आणि ऊर्जेचा हिशेब यांची फारकत उघडी पडली. १९३० च्या आसपासच्या क्रायस्लर इमारतीला ८४ आणि एम्पायर स्टेटला ८० गुण होते. एम्पायर स्टेटच्या दुरुस्तीत ६,५१४ खिडक्या जागेवरच नव्याने बांधल्या गेल्या होत्या, त्याचे हे फळ. २००६ मध्ये उघडलेल्या, हरित प्रमाणपत्र मिळालेल्या ७ वर्ल्ड ट्रेड सेंटरला ७४ गुण मिळाले. ‘एनर्जी स्टार’ या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी ७५ लागतात. मीस व्हान डर रोहे यांची १९५८ ची सीग्रम इमारत आधुनिक वास्तुकलेचा मानबिंदू, पण एकेरी काचेच्या त्या देखण्या मनोऱ्याच्या वाट्याला ३ गुण आले. अंदाजाच्या नकाशात या चारही इमारती ‘कार्यालय’ या एकाच दराखाली आल्या असत्या.

आकडे नकाशावर चढवणे मात्र किचकट ठरले. कराची नोंद भूखंडाच्या क्रमांकाने होते, इमारतीला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि एकाच भूखंडावर अनेक इमारती असू शकतात. माहिती मालकांनीच भरलेली, त्यामुळे चटईक्षेत्रात एखादे शून्य जास्त पडले की इमारत कागदावर आदर्श ठरे. अशा नोंदी गाळल्याशिवाय रंग भरण्यात अर्थ नव्हता. २०१३ मध्ये शहराने मालमत्तांचा ‘प्लूटो’ हा संग्रह विनामूल्य खुला केला आणि जुळणीचे काम सोपे झाले. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या नगरविज्ञान केंद्राने महापौर कार्यालयासाठी केलेल्या नकाशावर मग प्रत्येक मोठी इमारत स्वतःच्या मोजलेल्या आकड्यानिशी दिसू लागली. २०१६ मध्ये कायदा क्रमांक ८४ च्या दुरुस्तीने नोंदीसाठीची मर्यादा २५ हजार चौरस फुटांवर आणली.

नकाशा बघायला संगणकापर्यंत जावे लागते. २०२० पासून निकाल थेट दारावर आला. ८५ व त्यावर गुण असतील तर ए, ७० पासून बी, ५५ पासून सी आणि त्याखाली डी, असे अक्षर प्रवेशद्वारापाशी लावणे सक्तीचे झाले. उपाहारगृहांच्या स्वच्छतेची अक्षरे न्यूयॉर्ककर २०१० पासून वाचत होतेच. घर भाड्याने घेणाऱ्याला एक अक्षर पुरते, हे खरे. पण ८४ आणि ७० मधला मोठा फरक त्यात बुजतो आणि ८४ व ८५ मधला नगण्य फरक फुगतो.

२०१९ च्या कायदा क्रमांक ९७ ने या माहितीला दंडाची जोड दिली. २०२४ पासून २५ हजार चौरस फुटांवरील बहुतेक इमारतींना उत्सर्जनाची कमाल मर्यादा लागू झाली, आणि ती ओलांडल्यास दर टनाला २६८ डॉलर दंड ठरला. मर्यादा इमारतीच्या वापराप्रमाणे आणि दर चौरस फुटामागे आखलेली आहे. म्हणजे छेद पुन्हा चटईक्षेत्राचाच, आणि दाटीने माणसे बसवणाऱ्या कार्यालयाला रिकाम्या दालनांच्या कार्यालयाइतकीच मुभा. २०३० पासून हीच मर्यादा आणखी खाली येणार आहे.