एक मासा, तीन वेष

मोपा येथील जांभ्या दगडाच्या पठारावर ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली आणि आपल्या पेडणे तालुक्यातील मुलांना आकाशाकडे पाहण्याचे एक नवे निमित्त मिळाले. लहान मूल प्रथम विमानाच्या रंगाकडे पाहते. निळे विमान एका जातीचे, तांबडे दुसऱ्या जातीचे, असे त्यास वाटते. जाणता मनुष्य मात्र पंखांची ठेवण, इंजिनांची संख्या व शेपटाचा आकार पाहतो. एकाच बनावटीची विमाने निरनिराळ्या कंपन्या आपापल्या रंगांनी रंगवितात, हे त्यास ठाऊक असते. रंग हा वरचा अंगरखा आणि बांधा ही खरी ओळख, हा धडा तो केव्हाच शिकलेला असतो.

निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यासही हा धडा गिरवावा लागतो. त्यासाठी आपल्या अरबी समुद्रातील एका सुंदर माशाचे उदाहरण घेऊ. इंग्रजीत त्यास 'मून रॅस' म्हणतात. त्याच्या शेपटावर चंद्रकोर असते. म्हणून या लेखापुरते आपण त्यास 'चंद्रपुच्छ' म्हणू. त्याचे शास्त्रीय नाव थॅलॅसोमा लुनारे. स्वीडनचे थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस यांनी १७५८ साली त्याचे नामकरण केले, त्या वेळीही त्यांनी चंद्रासाठी असलेला 'लुना' हा लॅटिन शब्दच योजिला होता.

हा मासा बाजारात का दिसत नाही?

पेडण्याच्या बाजारात बांगडे, तारल्या, इसवण, सुंगटे आपण नेहमी पाहतो. चंद्रपुच्छ मात्र तेथे दिसत नाही. तो प्रवाळांच्या व खडकांच्या आश्रयाने राहणारा मासा आहे. प्रवाळ हे सूक्ष्म प्राण्यांनी रचलेले चुन्याचे घर होय. या प्राण्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपल्या यजमानास अन्न पुरविते. त्यामुळे प्रवाळास स्वच्छ व उजेडाचे पाणी लागते. आपल्या तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल व दक्षिणेस शापोरा या नद्या वाहतात. पावसाळ्यात त्या तांबडी माती व गोडे पाणी घेऊन समुद्रास मिळतात. अशा गढूळ पाण्यात प्रवाळाची भरभराट होत नाही. म्हणून केरी, हरमल, मांद्रे, मोरजी यांच्या वालुकामय किनाऱ्यावर प्रवाळाची शोभा पाहावयास मिळत नाही.

परंतु फार दूर जावयास नको. उत्तरेस मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर प्रवाळ आहेत. तेथील सागरी क्षेत्र १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. दक्षिणेस मुरगावच्या किनाऱ्यासमोर ग्रँड आयलंड आहे. तेथेही पाण्याखाली प्रवाळ व खडक आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. त्याच्या उथळ भागावरही सुमारे वीस मीटर पाणी असते आणि त्यावर प्रवाळांची वस्ती आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव या पठारास मिळाले आहे. कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरील नेत्राणी बेट आणि त्याहून दूर लक्षद्वीपची बेटे ही तर चंद्रपुच्छाची माहेरघरेच होत. पश्चिमेस तांबड्या समुद्रापासून पूर्वेस पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत त्याचा विस्तार आहे.

जाड ओठांचे घराणे

चंद्रपुच्छ ज्या कुलातील आहे त्यास लॅब्रिडी म्हणतात. लॅटिन भाषेत 'लाब्रुम' म्हणजे ओठ. या कुलातील पुष्कळ माशांचे ओठ जाड असतात. कुल मोठे आहे; त्यात पाचशेंहून अधिक जाती आहेत. काही बोटाएवढ्या, तर नेपोलियन रॅस नावाची जात दोन मीटरांहूनही लांब वाढणारी. चंद्रपुच्छ साधारणपणे वीतभर लांबीचा असतो. क्वचित तो पंचेचाळीस सेंटिमीटरांपर्यंत वाढतो.

या कुलातील माशांची पोहण्याची रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बांगडा शेपूट हलवून पुढे जातो. हे मासे मात्र छातीजवळचे दोन पर वर-खाली मारीत, जणू वल्ही मारीत, पुढे सरकतात. शेपटाचा उपयोग ते एकदम पळ काढावयाचा असेल तेव्हाच करतात. दिवसा ते सतत हिंडतात; लहान कवचधारी प्राणी, किडे व इतर माशांची अंडी टिपून खातात. घशात असलेल्या दुसऱ्या जबड्याने ते शिंपल्यांची टरफले फोडतात. सूर्यास्त होताच चंद्रपुच्छ कपारीत शिरून निद्राधीन होतो.

तीन वेष

आता मुख्य गोष्टीकडे वळू. चंद्रपुच्छ आयुष्यात तीन वेष धारण करतो असे म्हणता येईल.

पहिला वेष बालपणाचा. लहान पिलाच्या पाठीवरील परावर मध्यभागी एक काळा ठिपका आणि शेपटाच्या मुळाशी एक मोठा काळसर डाग असतो. शेपटावर चंद्रकोर अद्याप उमटलेली नसते. ज्याने केवळ मोठा मासा पाहिला आहे, त्यास हे पिलू त्याच जातीचे आहे असे सांगितले तर खरे वाटणार नाही.

दुसरा वेष तारुण्याचा. अंग हिरवे होते, खवल्याखवल्यावर तांबूस उभी रेघ दिसू लागते, डोक्यावर गुलाबी-जांभळे वळणदार पट्टे उमटतात. शेपटाच्या कडा लांबत जातात आणि मध्यभागी पिवळी कोर प्रकट होते. या वेषातील बहुतेक मासे माद्या असतात. काही थोडे नरही असतात.

तिसरा वेष प्रौढ, प्रमुख नराचा. हिरव्या रंगावर निळ्याची मात होते. विशेषतः प्रजननाच्या काळात तो इतका निळा दिसतो की, शेजारची हिरवी मादी व हा नर एकाच जातीचे असतील अशी शंकाही येऊ नये.

याहून नवल पुढेच आहे. हा निळा नर पुष्कळदा पूर्वी मादी असतो! या कुलातील अनेक जातींत मासा प्रथम मादी म्हणून जगतो, अंडी घालतो आणि पुढे मोठा झाल्यावर नर बनतो. त्याचे अंतरंगच बदलते. अंडाशयाच्या जागी वृषण तयार होते आणि रंगही त्याबरोबर पालटतो.

असे का व्हावे? प्रवाळाच्या एखाद्या जागेवर एक मोठा नर अनेक माद्यांवर अधिकार चालवितो. लहान नरास तेथे थारा मिळत नाही. लहान मादी मात्र निर्वेधपणे अंडी घालू शकते. म्हणून लहानपणी मादी असणे व बळ आल्यावर नर होणे, यात अधिक संतती मागे राहते. निसर्गाने हा हिशेब पिढ्यान्पिढ्या पडताळून पाहिला आहे.

याच कुलातील सफाई करणाऱ्या एका लहान माशावर रॉबर्टसन नावाच्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियाजवळील हेरॉन बेटावर निरीक्षणे केली व ती १९७२ साली प्रसिद्ध केली. त्यांनी गटातील नर काढून घेतला. तेव्हा सर्वांत मोठी मादी दीड-दोन तासांत नरासारखी वागू लागली आणि सुमारे १४ ते १८ दिवसांत तिचे रूपांतर प्रजननक्षम नरात झाले. राजा गेला की गादी रिकामी राहत नाही, हे तत्त्व समुद्रतळीही चालते.

मग खरी ओळख कोणती?

रंग पालटत असेल, तर ओळखावयाचे कशावरून? अभ्यासकांनी यासाठी काही कसोट्या ठरविल्या आहेत.

पहिली कसोटी काट्यांची. पाठीवरील पराचा पुढचा भाग टणक काट्यांचा व मागचा मऊ शलाकांचा असतो. थॅलॅसोमा या वंशात टणक काटे आठ असतात. त्याच्याच शेजारच्या हॅलिकोइरेस वंशात नऊ. पिलू असो, मादी असो वा नर, हा आकडा वेषाबरोबर बदलत नाही. पोहणाऱ्या माशाचे काटे मोजता येत नाहीत हे खरे. परंतु स्पष्ट छायाचित्रात किंवा हाती आलेल्या नमुन्यात ते मोजता येतात.

दुसरी कसोटी अंगावरील रेषेची. माशाच्या बाजूने छिद्रयुक्त खवल्यांची एक रेषा जाते. पाण्यातील हालचाल मासा तिच्या योगे जाणतो. चंद्रपुच्छात ही रेषा अखंड असून पाठीच्या पराच्या शेवटाखाली एकदम खाली वळते.

तिसरी कसोटी शेपटाच्या आकाराची. प्रौढ चंद्रपुच्छाचे शेपूट कोरीसारखे आत वळलेले असते व त्याची टोके लांब असतात. लक्षद्वीपच्या पाण्यात त्याचा एक भाऊबंद आढळतो; त्याच्या अंगावर वरून खाली उतरणारे सहा गडद पट्टे असतात. पट्टे व शेपूट ही दोन्ही एकत्र पाहिली, तर दोघांत घोटाळा होत नाही.

पाण्याखाली रंगावर विसंबू नये, यास आणखी एक कारण आहे. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते. दहा मीटर खोलीवर तांबडी वस्तू मळकट करडी दिसू लागते. पृष्ठभागावर गुलाबी दिसणारे पट्टे खाली निराळेच भासतात. आणि मेलेल्या माशाचे तेजस्वी रंग तर औषधी द्रवात ठेवल्यावर पार उडून जातात. पूर्वीच्या पंडितांपुढे बहुधा असेच नमुने असत. युरोपच्या समुद्रात कुक्कू रॅस नावाचा याच कुलातील मासा आहे. त्याचा नर निळ्या रेघांचा व मादी तांबूस, पाठीवर काळे डाग असलेली. अठराव्या शतकातील विद्वानांनी या पतिपत्नींस दोन निराळ्या जाती समजून निराळी नावे दिली होती. जिवंत माशांचे दीर्घ निरीक्षण झाले तेव्हा कुठे दोन नावांखाली एकच जात आहे हे उमगले.

याच्या उलटही घडते. दोन निराळे मासे एकच वेष घेतात. वर सांगितलेला सफाई करणारा मासा निळसर असून त्याच्या अंगावर लांब काळा पट्टा असतो. मोठे मासे त्याच्यापुढे स्तब्ध उभे राहतात आणि तो त्यांच्या अंगावरील परोपजीवी किडे टिपतो. एका दुसऱ्याच कुलातील लबाड माशाने हुबेहूब हाच पोशाख उचलला आहे. सफाईच्या आशेने जवळ आलेल्या माशाच्या पराचा तो लचका तोडतो! दोघांत भेद कसा करावा? तोंड पाहावे. खऱ्याचे तोंड नाकाडाच्या टोकाशी असते. तोतयाचे नाकाडाच्या खालच्या बाजूस असते. पोशाख चोरता येतो, बांधा चोरता येत नाही.

ओळखीचे महत्त्व

कोणी विचारील, एवढ्या बारीक ओळखीचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. दीर्घकाळ तसेच राहिले तर मरतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० व २०१६ या साली असे मोठे संकट आले. संकटानंतर प्रवाळाची वस्ती सावरत आहे की नाही, हे तेथील माशांची नोंद करून पाहतात. गणना करणाराने पिलू, मादी व नर यांस तीन जाती म्हणून लिहिले, तर कागदावर समुद्र समृद्ध दिसेल आणि प्रत्यक्षात तो उजाड होत असेल. चुकीची ओळख म्हणजे चुकीचा हिशेब. आणि चुकीच्या हिशेबावर केलेले संरक्षण व्यर्थ जाते.

मासेमारीच्या दृष्टीनेही हे ज्ञान आवश्यक आहे. ज्या जातीत सर्वांत मोठे मासे नर असतात, त्या जातीतील मोठे मासेच वेचून पकडले, तर नरांची उणीव भासू लागते. त्यांची जागा घेण्यासाठी माद्या लवकर नर होतात आणि अंडी घालणाऱ्यांची संख्या घटते. नेपोलियन रॅस फार सावकाश वाढतो, म्हणून त्यास अशा मासेमारीचा मोठा फटका बसला. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालण्याचे २००४ साली ठरले.

विद्यार्थिमित्रहो, मालवणला किंवा ग्रँड आयलंडला जाण्याचा योग आला आणि पाण्यात डोकावून पाहावयास मिळाले, तर प्रवाळावर पाय देऊ नका, तो हातानेही मोडू नका. बोटीचा नांगर प्रवाळावर पडू नये असा आग्रह धरा. नंतर स्तब्ध राहून पाहा. वल्ह्यांसारखे पर मारीत जाणारा हिरवा वा निळा मासा दिसलाच, तर वहीत रंगाच्या आधी चार गोष्टी लिहा: शेपटाचा आकार, पोहण्याची रीत, डागांची जागा आणि सोबत कोण होते ते. रंग शेवटी लिहा. ज्याची नोंद या क्रमाने होईल, त्याच्या हातून एका माशाचे तीन मासे होणार नाहीत आणि पुढे केव्हातरी त्याची ती वही आपल्या किनाऱ्याच्या खऱ्या हिशेबास उपयोगी पडेल.