साजातला ताईत आणि बोटातला खडा

दिवाळीचा पाडवा जवळ आला की शिरोळ तालुक्यातल्या घरांत दोन गावांची नावे निघतात. सोने घ्यायचे तर कोल्हापूरची गुजरी, चांदी घ्यायची तर हुपरी. तालुक्यातल्या कुरुंदवाडला दोन्ही जवळच. उसाचे बिल वेळेवर जमा झाले तर खरेदी पाडव्याला, नाही तर लग्नसराईत. पण या भागात दागिना नुसता दागिना म्हणून क्वचितच दिला जातो. देणाऱ्याच्या मनात त्याच्याबरोबर काहीतरी मागणे असते: संसार टिकावा, लेकरू वाढावे, कुणाची दृष्ट लागू नये.

कोल्हापुरी साज हे अशा मागण्यांचे आख्खे भांडारच आहे. परंपरेने साजाची पाने एकवीस सांगतात. त्यांतली दहा विष्णूच्या अवतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणकाची आणि पाचूची, आणि उरलेले एक ताईताचे. प्रत्यक्षात आज दहा-बारा पानांचे साजच जास्त विकले जातात, आणि कोणती पाने ठेवायची हे सोनार आणि गिऱ्हाईक मिळून ठरवतात. मासा, कासव, शंख, चंद्र, कमळ, नाग, भुंगा, बेलपान, वाघनख ही नेहमीची मंडळी. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर उठवायचा, आत लाख भरायची, पाना-पानांच्या मध्ये जवाच्या आकाराचे मणी घालायचे आणि सगळे गाठवून घ्यायचे, अशी त्याची घडण. लाखेमुळे साज अंगावर भरदार दिसतो आणि सोने मात्र बेताचे लागते. शेतकऱ्याच्या ऐपतीचा इतका समंजस विचार केलेले दागिने थोडेच असतील. या भागात साजाचा मान मंगळसूत्राच्या बरोबरीचा आहे; नवरा बायकोला तो घालतो तेव्हा देव, रत्न आणि ताईत असे तिन्ही एकाच सरात तिच्या गळ्यात पडतात.

लहान मुलांचा मामला चांदीचा. बारशाला वाळे, बिंदल्या, करदोटा. मनगटात काळे मणी. हुपरीत ही कामे घरोघर वाटलेली असतात. एका घरी तार ओढली जाते, दुसऱ्या घरी घुंगरू होतात, तिसरीकडे झाळकाम आणि झिलई. वाळ्यांतल्या घुंगरांना दृष्ट घालवणारे म्हणा किंवा रांगते पोर कुठे गेले हे आईला सांगणारे म्हणा, काम दोन्हीकडून होते. लेकरांच्या आईसाठी जिवती असते, श्रावणात पुजली जाणारी. अधिक महिन्यात जावयाला चांदीचे निरांजन आणि लेकीला जोडवी देण्याची रीतही अजून टिकून आहे. नदीच्या पलीकडच्या काठावरच्या नृसिंहवाडीहून रुद्राक्षाची माळ आणि अंगारा आणतात. कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो, त्यामुळे कुणाच्या गळ्यात वाडीचा दोरा आहे आणि कुणाच्या दर्ग्यातला तावीज, याची चौकशी इथे फारशी कोणी करत नाही. पूर्वी बाळाच्या गळ्यात खरे वाघनख बांधायची हौस होती. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते विकणे-घेणे गुन्हा आहे, तेव्हा सोन्यातले वाघनखच बरे.

खड्याची गोष्ट मात्र निराळी. साज कुणालाही देता येतो. नीलम कोणी आहेरात देत नाही. सूर्याला माणिक, चंद्राला मोती, मंगळाला पोवळे, बुधाला पाचू, गुरूला पुष्कराज, शुक्राला हिरा, शनीला नीलम, राहूला गोमेद, केतूला लसण्या अशी वाटणी ठरलेली, आणि पत्रिका पाहिल्याशिवाय खडा घालू नये हा दंडक. नीलम तर काही रात्री उशाखाली ठेवून स्वप्ने कशी पडतात ते पाहतात. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले; चांगले रत्न राजाला शुभ, सदोष रत्न अशुभ, हा विचार निदान तेव्हापासून चालत आला आहे. मॉलमधल्या दुकानांत महिन्यांप्रमाणे लावलेली जन्मरत्ने मात्र आपली नव्हेत. ती प्रमाण यादी अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने 1912 साली ठरवली, तीही विक्री सोपी व्हावी म्हणून.

खनिजशास्त्राकडे पाहिले तर सूर्याचे माणिक आणि शनीचे नीलम हे सख्खे भाऊ निघतात. दोन्ही कुरुंदच, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. क्रोमियमचा अंश मिसळला की लाल, लोह आणि टायटॅनियम मिसळले की निळे. पोवळे आणि मोती हे तर मुळात कॅल्शियम कार्बोनेट. शिवाय ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 साली भट्टीत माणिक बनवण्याची रीत जाहीर केली, आणि स्वस्त कृत्रिम माणके जगभर पसरली. आजोबांच्या अंगठीतला लालभडक, एकही डाग नसलेला खडा खाणीतला असेलच असे नाही. ती अंगठी आजोबांची आहे म्हणून तिची किंमत. प्रयोगशाळेच्या दाखल्याने ती कमी होऊ नये.

माझा आक्षेप खड्याला नाही, भीती घालून तो गळ्यात मारण्याला आहे. ताईत, मंत्र किंवा कवच यांनी आजार बरा होतो अशी जाहिरात करायला 1954चा जादूई उपायांच्या जाहिरातींचा कायदा मनाई करतो. दूरचित्रवाणीवर ‘हनुमान चालिसा यंत्र’ विकणाऱ्या जाहिराती महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतात, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021मध्ये ठरवले. साडेसाती सांगून हजारोंचा खडा सुचवणारा आणि तो मिळण्याचे दुकानही स्वतःच दाखवणारा भेटला, तर चहा पाजून त्याला वाटेला लावावे.

घ्यायचेच असेल तर डोळे उघडे ठेवून घ्या. जून 2021पासून सोन्याच्या दागिन्यांना टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023पासून सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक, म्हणजे एचयूआयडी, असल्याशिवाय असा दागिना विकता येत नाही. मात्र दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला ही सक्ती नाही, आणि बाळाच्या कुड्या किंवा छोटी जिवती नेमकी त्याच वजनात येते. तिथे ओळखीचा सोनार आणि पक्की पावती हाच आधार. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याचा खरेपणा नाही. खड्याचा दाखला वेगळा मागावा लागतो. साज घेताना लाखेसकट वजन किती आणि निव्वळ सोने किती, हे पावतीवर वेगवेगळे लिहून घ्या, आणि खड्याचे वजन सोन्याच्या भावात धरू देऊ नका.