हातभट्टी व दारूचा चोरटा व्यापार

हातभट्टी : शासनाचा परवाना न घेता साध्या घरगुती साधनांनी गाळलेली दारू आणि ती गाळण्याची भट्टी या दोहोंस मराठीत ही एकच संज्ञा वापरली जाते. ग्रामीण भागात अशा दारूस ‘गावठी’ असेही म्हणतात. इंग्रजीतील ‘बूटलेगर’ हा शब्द बुटाच्या उंच गळ्यात बाटली दडवून नेणाऱ्यांवरून रूढ झाला. महाराष्ट्र शासनाने १९८१ मध्ये केलेल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याच्या मराठी नावात त्यासाठी ‘हातभट्टीवाले’ हा शब्द योजला आहे. दोन्ही शब्दांचा रोख एकाच व्यवसायाकडे असला, तरी पहिल्यात वाहतुकीवर व दुसऱ्यात उत्पादनावर भर आहे. महाराष्ट्रातील आणि अमेरिकेतील चोरट्या दारूधंद्यातला एक मोठा फरक त्यातून सूचित होतो.

अमेरिकेत घटनेच्या अठराव्या दुरुस्तीनुसार १७ जानेवारी १९२० पासून देशव्यापी दारूबंदी अंमलात आली व ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने ती संपुष्टात आली. या चौदा वर्षांत शिकागो, न्यूयॉर्क इ. शहरांतील टोळ्यांनी बिअरचे कारखाने, मालमोटारी, गुत्ते व स्थानिक राजकारण यांची एकत्र गुंफण करून धंद्यास मोठ्या उद्योगाचे रूप दिले. जॉनी टोरिओ व त्याच्यानंतर अल कपोन (१८९९–१९४७) हे शिकागोतील त्याचे सूत्रधार होत. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी प्रतिस्पर्धी टोळीशी संबंधित सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. त्या हत्याकांडाबद्दल कपोनला कधीच शिक्षा झाली नाही. १९३१ मध्ये तो दोषी ठरला, तो प्राप्तिकर चुकविल्याबद्दल. मुंबई राज्यातील दारूबंदीच्या काळात येथेही ‘आपले शिकागो’ अशी भाषा अधूनमधून ऐकू येत असे. तथापि ही तुलना फार ताणता येत नाही.

महाराष्ट्रातील चोरट्या दारूचा इतिहास दारूबंदीहून जुना आहे. इंग्रजी अंमलात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती व विक्री यांवर सरकारी मक्ता बसला आणि आदिवासींच्या घरोघरी गाळली जाणारी मोहाची दारू एका फटक्यासरशी बेकायदेशीर ठरली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही १८९२ मध्ये स्वतंत्र कायद्याने निर्बंध आले. झाडाखाली पडलेले फूल वेचणे हाही त्यामुळे संशयाचा विषय झाला. दुसऱ्या बाजूस, सरकार महसुलासाठी दारूचे दुकान वाढवीत आहे, ही तक्रार सुशिक्षितांत व समाजसुधारकांत जोर धरू लागली. महात्मा फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेला पत्र लिहून दारूच्या दुकानांच्या वाढीस हरकत घेतली. १९०८ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांपुढे निरोधने झाली. म. गांधींच्या चळवळीत मद्यपाननिषेध हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनला, त्याला महाराष्ट्रात अशी पूर्वपीठिका होती.

१९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळात बाळासाहेब खेर पंतप्रधान व डॉ. एम्. डी. डी. गिल्डर आरोग्यमंत्री होते. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली आणि बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसविला. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने हा प्रयोग मागे पडला. स्वातंत्र्यानंतर मात्र खेर मुख्यमंत्री व मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्य ‘कोरडे’ झाले. दिवस मुद्दाम निवडलेला होता, कारण राष्ट्रीय सप्ताहाचा तो आरंभदिन. कायद्याला लगेच आव्हान मिळाले. ‘मुंबई राज्य विरुद्ध एफ्. एन्. बलसारा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायद्याचा गाभा वैध ठरविला, परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरील निर्बंध रद्द केले. या फटीतून टिंक्चरे, पॉलिश व तत्सम द्रव्ये पेय म्हणून विकली जाऊ लागली आणि पुढची काही वर्षे शासन दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या करीत राहिले. १९५९ च्या दुरुस्तीने रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०·०५ टक्के वा त्याहून अधिक आढळल्यास मद्यपान केले नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली. पोलीस जमादाराच्या नाकावर अवलंबून असलेला पुरावा अशा रीतीने प्रयोगशाळेकडे गेला.

हातभट्टीची कृती सोपी आहे व तेच तिच्या प्रसाराचे कारण होय. काळा गूळ, मोहाची फुले किंवा सडकी फळे पाण्यात घालून आंबवितात. त्या द्रवास पोलिसी भाषेत ‘रसायन’ म्हणतात. त्यात नवसागर घालण्याची प्रथा आहे. आंबलेले रसायन पिंपात तापवून त्याची वाफ नळीवाटे थंड केली, की दारू मिळते. एथिल अल्कोहॉल ७८° से. च्या सुमारास उकळते, म्हणून सुरुवातीस येणारा अंश अधिक कडक असतो. ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला आहे. तयार माल रबरी ट्यूबांत व फुटबॉलच्या ब्लॅडरांत भरून अंगाभोवती गुंडाळून शहरात आणीत. विक्रीचे माप नवटाक, म्हणजे शेराचा आठवा भाग. दशमान पद्धती आल्यावर शेर गेला, तरी मुंबईच्या बोलीत नवटाक राहिला.

मुंबईत धारावी, शीव-कोळीवाडा, अँटॉप हिल येथील दलदल व खाडीकाठ हे भट्ट्यांचे प्रमुख क्षेत्र होते. तेथे मिठागरे व तिवरांचे रान यांमुळे पोलिसांना पोहोचणे कठीण जाई आणि धूर दिसला तरी माणूस सापडत नसे. गिरणगाव व गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या वस्त्या येथे किरकोळ विक्री चाले. ती बहुधा स्त्रियांच्या हाती असे. घरातील एका खोलीत दोन बाकडी मांडून चालविलेले हे ‘आंटीचे अड्डे’ मुंबईच्या स्मृतीत काहीशा कौतुकाने नोंदले गेले आहेत. त्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते. यांतील बऱ्याच स्त्रिया विधवा वा नवऱ्याने टाकलेल्या होत्या आणि धाड पडली की तुरुंगात जाण्याची पाळी त्यांचीच असे, भांडवल पुरविणाऱ्याची नव्हे. विलायती मद्याचा मार्ग निराळा होता. १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्तेखाली असलेल्या गोवा व दमण येथून ते समुद्रमार्गे व सीमेवरून येई आणि त्याचे गिऱ्हाईक सुखवस्तू होते. आजारपणाचे प्रमाणपत्र मिळवून परवाना काढणे हा उच्चभ्रूंचा आणखी एक मार्ग. एकाच कायद्याखाली एकाला डॉक्टरचा दाखला व दुसऱ्याला पोलीस कोठडी, असा हा व्यवहार होता.

‘हप्ता’ या शब्दाचा अर्थविस्तार याच व्यवहारात पक्का झाला. मूळ फार्सी अर्थ आठवडा. दर आठवड्यास ठरलेल्या वारी पोहोचणारी लाच म्हणजे हप्ता. संघटित गुन्हेगारीला लागणाऱ्या दोन गोष्टी, नियमित रोकड व यंत्रणेशी नियमित संबंध, दारूबंदीने एकाच वेळी उपलब्ध करून दिल्या. या भांडवलावर उभा राहिलेला सर्वांत ठळक मनुष्य म्हणजे वरदराजन मुदलियार. तमिळनाडूतील तुतिकोरिन येथे १९२६ मध्ये त्याचा जन्म झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस स्थानकावर हमाली करीत तो चोरट्या दारूच्या धंद्यात शिरला आणि धारावी ते शीव-कोळीवाडा या पट्ट्यातील तमिळ वस्त्यांवर त्याची हुकमत बसली. शिधापत्रिका, झोपडी, वीज, आपसांतील तंटे यांसाठी लोक त्याच्याकडे जात. शासन जेथे नुसते धाडीपुरते दिसे, तेथे हा मनुष्य रोज दिसे, हे त्याच्या लोकप्रियतेचे साधे कारण म्हणता येईल. माटुंगा स्थानकाबाहेरील त्याचा गणेशोत्सव दिमाखदार असे. १९८० नंतरच्या दशकात पोलीस अधिकारी य. च. पवार यांनी त्याच्या जाळ्यावर सातत्याने कारवाई केली. वरदराजन मद्रासला निघून गेला व जानेवारी १९८८ मध्ये तेथेच मरण पावला. त्याच्या जीवनावर बेतलेला मणिरत्नम् यांचा नायकन हा तमिळ चित्रपट १९८७ मध्येच प्रदर्शित झाला होता. चित्रपटातील नायकाच्या करुणेची छाया मूळ व्यक्तीवर पडली आणि धंद्याची हिंसा व त्या दारूने उद्‌ध्वस्त झालेले संसार बाजूस पडले.

हाजी मस्तान (मृत्यू १९९४) व करीम लाला (मृत्यू २००२) यांची नावे वरदराजनबरोबर घेतली जातात. त्यांचे व्यवसाय मात्र मुख्यतः वेगळे होते. मस्तानचा भर सोने व घड्याळे यांच्या तस्करीवर, तर पठाण टोळीचा सावकारी, जुगार व घरे रिकामी करविणे यांवर होता. त्यामुळे ‘मुंबईचे अधोजग दारूबंदीतून जन्मले’ हे सर्रास केले जाणारे विधान अर्धेच खरे आहे. दारूबंदीने त्याला एक पाय दिला, तर सोने व परदेशी मालावरील निर्बंधांनी दुसरा.

वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळाने १९६३ नंतर परवान्याच्या अटी टप्प्याटप्प्याने सैल केल्या. १९६० मध्ये वेगळे झालेल्या गुजरातने मात्र दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्रात कायद्याचे नाव आजही दारूबंदीचेच आहे आणि मद्य पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतो. अमेरिकेत बंदी उठताच चोरट्या व्यापाराचा मोठा भाग कोसळला. महाराष्ट्रात तसे झाले नाही. परवानाधारक देशी दारूवर उत्पादन शुल्क असते, हातभट्टीवर नसते. किंमतीतील ही तफावत जोवर मजुराच्या रोजाच्या मानाने मोठी आहे, तोवर धंद्यास गिऱ्हाईक राहते. बंदीने निर्माण केलेला बाजार पुढे कराने जिवंत ठेवला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा याचे उदाहरण होय. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. पेनिसिलीन हेही किण्वनाचेच फळ, हा एक योगायोग. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे पुढे भोसरी, चिंचवड व नंतर चाकण परिसरात कारखाने उभे राहिले आणि राज्याच्या दुष्काळी भागांतून तसेच परप्रांतांतून एकट्या पुरुषांची मोठी आवक झाली. पवना व इंद्रायणी यांच्या काठच्या झाडोऱ्यात, पाणी व आडोसा दोन्ही मिळत असल्याने, भट्ट्या लागतात. पोलीस व राज्य उत्पादन शुल्क विभाग रसायन ओतून देतात, अधिनियमाच्या ६५ व्या कलमाखाली गुन्हा नोंदवितात आणि काही दिवसांनी पिंप दुसऱ्या ओढ्याकाठी चढते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले व चाकण त्याच्या कक्षेत आले. कपोनच्या टोळीने शिकागोत दारूपलीकडे खंडणीचे जे तंत्र बसविले, त्याचा प्रतिध्वनी या पट्ट्यात हातभट्टीत नव्हे, तर भंगाराचे ठेके, मजूरपुरवठा, पाण्याचे टँकर यांवरील दादागिरीत ऐकू येतो. हमालांच्या संरक्षणासाठी १९६९ मध्ये झालेल्या माथाडी कायद्याचे नाव पुढे करून कारखान्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार हा त्यातील विशेष खेदजनक भाग आहे.

सर्वांत गंभीर प्रश्न विषबाधेचा. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गूळ वा मोहापासून गाळलेल्या दारूत मिथिल अल्कोहॉल अत्यल्प असते. ती दारू यकृताची व संसाराची हानी करते, परंतु एका रात्रीत वस्ती आडवी करीत नाही. सामुदायिक मृत्यू बहुतेक वेळा घडतात, ते दारू गाळलीच गेली नसताना. रंग, रेझिने, औषधे यांच्या उद्योगांत लागणारे मिथिल अल्कोहॉल चोरून वा खोट्या कागदपत्रांवर मिळविले जाते आणि त्यात पाणी मिसळून विकले जाते. भट्टी, सरपण व धाडीची भीती हे सारे वाचत असल्याने विक्रेत्यास ते सोयीचे वाटते. वास व चव यांवरून पिणाऱ्यास फरक कळत नाही. शरीरात त्याचे फॉर्माल्डिहाइड व पुढे फॉर्मिक अम्ल बनते. रक्ताची अम्लता वाढते व दृष्टितंतूस इजा होते. लक्षणे कित्येकदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात. डोळ्यांपुढे धुके येणे, पोटदुखी, उलट्या व धाप ही ती लक्षणे होत. या अवस्थेत रुग्णालयात त्वरित नेल्यास फोमेपिझोल वा वैद्यकीय देखरेखीखाली दिलेले एथिल अल्कोहॉल आणि रक्तशुद्धीकरण यांनी जीव वाचू शकतो. परंतु गुन्हा दाखल होईल या भीतीने कुटुंबीय रुग्णास घरातच ठेवतात आणि नेमकी तीच वेळ हातची जाते. मुंबईत विक्रोळी येथे डिसेंबर २००४ मध्ये ८० हून अधिक, तर मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे अशा द्रवाने दगावली. गुजरातमध्ये जुलै २००९ मधील अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर विषारी दारूच्या निर्मितीबद्दल मृत्युदंडापर्यंतच्या शिक्षेची तरतूद झाली.

महाराष्ट्राच्या १९८१ च्या कायद्यान्वये हातभट्टीवाल्यास खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. त्या आदेशाची छाननी सल्लागार मंडळ करते. कपोनसाठी अमेरिकेला निदान प्राप्तिकराचा खटला उभा करावा लागला होता. त्या तुलनेत हा मार्ग सुटसुटीत व म्हणून जपून वापरण्याजोगा आहे. धंद्यात गुंतलेल्यांपैकी काही समाज १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविलेल्या जमातींपैकी आहेत. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण जमीन व नोकरी नसलेल्या वस्तीवरील संशय उरला. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये मुळेगाव तांडा व इतर वस्त्यांत ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेऊन धाडींबरोबर पर्यायी रोजगार व मुलांचे शिक्षण यांवर भर दिला, तो या दृष्टीने उल्लेखनीय होय. गावातील परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी स्त्री मतदारांना मतदान करता येते. ‘आडवी बाटली’ या चिन्हास एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळाल्यास दुकान बंद होते. वर्धा (१९७५) व गडचिरोली (१९९३) या जिल्ह्यांत संपूर्ण बंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये घातलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. मालवणी प्रकरणी मुंबईच्या सत्र न्यायालयाने २०२४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी, चौघांना दोषी ठरविले व इतर दहा जणांना निर्दोष सोडले.