मोठ्या मिशीवाल्यांचा रविवार

पहाटे साडेपाच, कुर्ला

रविवार माझा सगळ्यांत लांब दिवस. मुंबई-ठाण्यातल्या घरांतल्या आणि हॉटेलांतल्या माशांच्या टाक्या सांभाळणं हा माझा धंदा, आणि लोक घरी सापडतात ते रविवारीच. त्याच पहाटे कुर्ल्याला रंगीत माशांचा बाजार भरतो. फिल्टरचा कापूस, बुडणारं खाद्य, अँटिक्लोरीन असं आठवड्याचं सामान मी इथूनच भरून घेतो.

आज एका विक्रेत्याकडे रेडटेल कॅटफिशची पिल्लं आली होती. बोटाएवढी लांबी, पाठ काळपट, कुशीवर तोंडापासून शेपटीपर्यंत दुधी पट्टा, शेपटीला नुकती चढू लागलेली लाली आणि सहा मिशा. इतकं देखणं पिल्लू बाजारात दुसरं नसेल. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते आणि पिशवी हातात धरून भाव करत होते. मी विचारलं, "दादा, टाकी केवढी आहे?" म्हणाले, "दोन फुटी." मी त्यांना सांगितलं, हा ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांतला मासा आहे, पूर्ण वाढला की मीटरभराच्या पुढे जातो, आणि नीट खायला मिळालं तर दोन वर्षांत दोन फुटांचा होतो. विक्रेता माझ्याकडे बघत राहिला. त्याचं पोट त्यावर आहे हे मला कळतं, पण पिशवीवर पैशांशिवाय आणखी एक आकडा लिहिलेला हवा, पूर्ण वाढीचा. पुढे काय झालं ते पाहायला थांबलो नाही, गाडी पकडायची होती.

साडेसात, मुलुंड

काकांचा फोन चार दिवसांपूर्वीच आला होता. "अहो, तो पिसाळलाय. हात घातला की अंगावर येतो. अरोवानाची शेपटी तोडलीन. रात्री टाकीत नुसता धडधडाट." सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी. साधारण ६८० लिटर पाणी. त्यात दोन फुटांच्या आसपासचा रेडटेल आणि एक अरोवाना मासा.

अशा ठिकाणी मी आधी हात घालत नाही. खुर्ची ओढून टाकीसमोर बसतो. काकूंनी चहा दिला, तो संपेपर्यंत फक्त बघत होतो. कल्ले किती वेगाने हलताहेत, मिशांची टोकं शाबूत आहेत की झिजली आहेत, नाकाडावर खरचटलंय का, मासा कुठे बसतो. हा मासा मागच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीला अंग चिकटवून बसला होता. नाकाड दोन्ही बाजूंनी सोललेलं. थोड्या वेळाने तो वळायला निघाला तेव्हा सगळा उलगडा झाला. डोकं एका काचेला टेकलं, अंगाची कमान झाली, शेपटी दुसऱ्या काचेवर आपटली आणि तसाच घासत तो फिरला. काका ज्याला धडधडाट म्हणत होते तो हा. दोन फुटांच्या माशाला दोन फुटी रुंदीत सरळ वळताच येत नाही.

मग मागे जाऊन विजेची तपासणी. सगळ्या कॅटफिशना पाण्यातला अगदी बारीक विद्युत प्रवाहही जाणवतो, त्यासाठी त्यांच्या कातडीत वेगळी संवेदनेंद्रियं असतात. काच तडकलेला हीटर पाण्यात असेल तर माणसाला कळायच्या आधी मासा बेचैन होतो. इथे हीटर ठीक होता. पाणी तपासलं. अमोनिया नाममात्र, नायट्राइट नाही, पण नायट्रेटची नळी गडद लाल. खाणं विचारलं तर रोज चिकन, तेही हाताने. एवढ्या माशाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, आणि चिकनऐवजी मासळी, कोळंबी, चांगल्या गोळ्या. रोजचं मांस म्हणजे रोजची घाण, आणि ती सगळी त्याच पाण्यात.

हातावर येण्याचं कारणही तिथेच होतं. कॅटफिशला खवले नसतात. त्याच्या मिशांवर तर चवीच्या कळ्या असतातच, शिवाय सगळ्या अंगभर पसरलेल्या असतात. एका अर्थी तो अख्ख्या कातडीने चव घेतो. नजरेवर त्याची भिस्त कमी. सहा महिने चिकनचा वास असलेला हात पाण्यात आला की खाणं आलं, हे तो शिकला आहे. त्याच हाताने काका काच पुसायला गेले, त्याने तोंड उघडलं. त्याचे दात बारीक असतात, पट्टीत बसवलेले, कानशीसारखे. मांस तुटत नाही, कातडी मात्र चांगली सोलवटते. काकांच्या मनगटावर तेच दिसलं. "रागावलाय कशाला म्हणता?" मी म्हटलं, "त्याला जेवायला बोलावून तुम्ही फडकं फिरवलंत."

अरोवानाचं निराळं. कॅटफिश तोंडात मावेल ते गिळतो, मावणार नाही त्याचा टोकाकडून तुकडा घेऊ बघतो. रेडटेलने गोटे, थर्मामीटर, हीटरच्या काचा गिळल्याच्या तक्रारी या धंद्यात नव्या नाहीत. पुष्कळदा तो ते ओकतो, पण दर वेळी नाही. म्हणून मी या टाकीतला सगळा सजावटीचा दगडगोटा काढला आणि हीटर सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या पेटीत, हलवला. अरोवानाला जाळी लावून वेगळं केलं.

शेवटचा प्रश्न उजेडाचा. हॉलमध्ये नवीन एलईडी पट्टी बसवली होती, रात्री एकपर्यंत चालू. आणि आठ इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा, ज्यात तो दिवसभर पडून असायचा, तो "दिसायला बरा नाही" म्हणून काढून टाकलेला. हा अंधारात वावरणारा मासा आहे. आफ्रिकन मागूर या कॅटफिशवर मत्स्यशेतीच्या दृष्टीने जे प्रयोग झाले त्यांत हेच दिसलं, उजेड जास्त आणि लांब ठेवला की मासे अस्वस्थ होतात, एकमेकांना चावतात, अंगावरच्या जखमा वाढतात. पाइप परत आत टाकला. पट्टीला टायमर लावला, संध्याकाळी सात ते नऊ, बस्स. एक तृतीयांश पाणी बदललं. बाहेर पडताना काकांना स्पष्ट सांगितलं की हे सगळं फक्त तात्पुरतं आहे. मासा अजून वाढणार, टाकी वाढणार नाही.

साडेदहा, ठाणे

हॉटेलच्या दारातली टाकी. मालक यातल्या माशांना 'शार्क' म्हणतात, दुकानदारानेच तसं सांगून विकले. हे पंगास, दक्षिणपूर्व आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतले कॅटफिश. मोठेपणी मीटरभराच्या वर जातात. 'बासा' नावाने आपल्याकडे जे फिले ताटात येतात ते बहुतेक याच माशाचे. तक्रार अशी की ते मध्येच वेड्यासारखे धावतात, काचेवर आदळतात, मग उताणे होऊन मेल्यासारखे पडतात.

पंगासांना थवा लागतो. इथे दोनच होते, कारण बाकीचे असेच आदळून मेले. शिवाय कॅटफिशच्या हवेच्या पिशवीपासून अंतर्कर्णापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे ऐकणं फार तीक्ष्ण. जेवायची वाट बघणारी मुलं काचेवर टकटक करतात, दार धाडकन लागतं, प्रत्येक धक्का त्यांच्या कानात जातो. माझ्यासमोरच एका मुलीने काच वाजवली आणि मोठा मासा टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट जाऊन धडकला. वरचा ओठ फाटला होता, आधीच्या फाटण्याची गाठ शेजारी दिसत होती.

तीन बाजूंना काळा कागद चिकटवला, टाकीखाली जाड रबर घातलं, समोर दोरी बांधून मुलांना लांब ठेवायला सांगितलं. मालकांना माझं मत दिलं, ही टाकी छोट्या टेट्रांसाठी छान आहे. विचार करतो म्हणाले.

साडेबारा, भांडुप

लहान घर, लहान टाकी, चार गोल्डफिश आणि फूटभर झालेला सकर. सकर हाही कॅटफिशच, शेवाळ खातो म्हणून आणलेला, तसा प्रत्येक घरात असतो. एका गोल्डफिशच्या कुशीवर रुपयाएवढा पांढरा डाग, खवले गेलेले. घरातल्या ताईंना वाटलं रोग आहे, त्यांनी निळं औषध घातलं. मुलाने मात्र रात्री टॉर्च मारून बघितलं होतं. "सकर त्याला चिकटतो," तो म्हणाला. मुलगा बरोबर होता.

मोठा झालेला सकर उपाशी राहिला की रात्री संथ, रुंद अंगाच्या माशांना चिकटून त्यांचा चिकट थर चाटतो. गोल्डफिश आणि डिस्कस त्याच्या तोंडी सापडतात. एकदा ही चटक लागली की सुटणं कठीण. सकर काढून बादलीत घेतला. त्याला जाळीत धरायचं नाही, कल्ल्यामागचा काटा ताठ करून तो जाळीत अडकतो आणि ओढलं तर काटा मोडतो. जाड टॉवेलात गुंडाळून उचलायचं.

दुपारी दोनला स्टेशनजवळ वडापाव आणि ताक.

तीन वाजता, घाटकोपर

दोन मोठे कॅटफिश, वर्षभर एकत्र, भांडण नाही. गेल्या रविवारी घरच्यांनी टाकी 'एकदम स्वच्छ' केली, सगळं पाणी ओतून नवीन भरलं, फिल्टर नळाखाली धुतला. तेव्हापासून मोठा धाकट्याच्या मागे लागलाय.

१९६७ साली अमेरिकेत जॉन टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुलहेड नावाच्या कॅटफिशवर प्रयोग केले. हे मासे एकमेकांना वासावरून ओळखतात, कोण वरचढ आणि कोण दुबळा हेही वासातच असतं. नाकं निकामी केलेल्या माशांना ही ओळख राहिली नाही. माझा अनुभव त्याला जुळतो. अख्खं पाणी एकदम बदललं की जुने शेजारी अनोळखी झाल्यागत वागतात आणि जागेची वाटणी पुन्हा सुरू होते. त्यात फिल्टर क्लोरीनच्या नळाखाली धुतल्याने त्यातले उपयोगी जिवाणू मेले, अमोनिया चढला, दोघांची कातडी चुरचुरायला लागली. दुसऱ्या टाकीतला जुना कापूस आणून त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला, मधोमध जाळी घातली, पुढचे दोन आठवडे रोज दहा टक्के पाणी बदलायला सांगितलं.

साडेपाच

गाडीत असतानाच फोन. भाड्याचं घर सोडायचंय, मासा मोठा झालाय. "उपवन तलावात सोडू का?"

अजिबात नको. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात घरगुती टाकीतला सकर येऊ लागला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला किंमत नाही. थाई मांगूर म्हणून आलेल्या आफ्रिकन मागूरवर २००० साली बंदी घालावी लागली, कारण तो आपले देशी मासे फस्त करतो. आपला शिंगाळा, आपला मागूर यांच्या घरात परका मासा सोडणं हे प्रेम नाही. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ पासून मुंबईकरांचं होतं, पण ते करोनाच्या काळात बंद झालं, त्यामुळे "त्यांना देऊन टाका" हा जुना सल्लाही आता देता येत नाही. माझ्याकडे बंदिस्त मोठे हौद असलेल्या शेतघरांच्या लोकांची यादी आहे, त्यांना फोन लावले. जागा मिळालीच नाही तर पशुवैद्याकडून लवंगेच्या तेलाने शांतपणे झोपवणं हे तलावात सोडण्यापेक्षा शतपटीने बरं, हेही मी लोकांना सांगतो. ऐकायला कडू वाटतं.

रात्री नऊ, डोंबिवली

बादल्या धुतल्या, जाळ्या मिठाच्या पाण्यात टाकल्या. मुलुंडहून फोन आला, दिवा नऊला बंद झाला, मासा पाइपात शिरला आणि बाहेर फक्त मिशा दिसताहेत. अरोवाना जाळीपलीकडे. काका विचारत होते, दहा बाय चार फुटी हौद बांधायला गच्चीवर सोसायटी परवानगी देईल का. मी आकृती पाठवतो म्हणालो.

वाचकांना माझी विनंती. पिल्लू घेण्याआधी दुकानदाराला पूर्ण वाढीची लांबी विचारा आणि ती तुमच्या टाकीच्या रुंदीशी लावून बघा, लांबीशी नाही. मासा आधीच घरात असेल आणि तो 'पिसाळला' असं वाटत असेल, तर औषध घालण्याआधी दिव्याची वेळ, लपायची जागा, पाण्याची चाचणी आणि खाण्याचा हात या चार गोष्टी तपासा. आणि काही झालं तरी त्याला तलावात, नदीत, धरणात सोडू नका.