समुद्रगीते : एका तबकडीची दुसरी बाजू

सर एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतरचनाकाराच्या दोन कृती पाठपोट असलेली आणि 1965 सालच्या ऑगस्ट महिन्यात लंडन येथे ध्वनिमुद्रित झालेली 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची जी तबकडी आज पाश्चात्य अभिजात संगीताच्या रसिकांत सर्वतोमुखी झाली आहे, तिची कीर्ती बव्हंशी तिच्या एकाच बाजूची आहे. त्या बाजूवर जॅकलिन द्यु प्रे या वीस वर्षांच्या तरुणीने वाजविलेला एल्गारचा चेलो कन्चेर्टो, म्हणजे एकल चेलो व वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली कृती, आहे. आणि त्या वादनाची असामान्यता, तसेच पुढे दुर्धर व्याधीने अकाली थांबलेले त्या वादिकेचे आयुष्य, यांमुळे लोकांचे प्रेम तिकडे धावावे हे स्वाभाविकच होय. परंतु दुसऱ्या बाजूवर जॅनेट बेकर या गायिकेने लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या साथीने गायिलेली 'सी पिक्चर्स' ही पाच समुद्रगीते आहेत, आणि एकल कंठ व वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेल्या इंग्रजी संगीताचे इतके परिपूर्ण ध्वनिमुद्रण माझ्या ऐकण्यात दुसरे आलेले नाही.

या संगीतप्रकाराविषयी दोन शब्द आधी सांगणे अवश्य आहे. आपल्या बैठकीत गायक स्वामी असतो आणि पेटी किंवा सारंगी त्याच्या मागून, त्याच्या सुरांचा माग काढीत जाते; गायकाने पुढच्या क्षणी काय घ्यावे हे तोच ठरवितो. येथे तसे नाही. कंठाला मिळणारी स्वरपंक्ती आणि साठसत्तर वाद्यांपैकी प्रत्येकाने वाजवायचा सूर हे दोन्ही रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेले असतात, आणि वाद्यवृंद गायिकेची नक्कल न करता तिच्याभोवती आपले एक स्वतंत्र जग उभे करतो. या पाच गीतांत ते जग म्हणजे समुद्र. गायिका कधी त्याच्या तळाशी असते, कधी जहाजावर, कधी किनाऱ्यावर, आणि शेवटच्या गीतात ती वादळी लाटांकडे तोंड करून उभी ठाकते.

एल्गारने ही गीते 1899 साली पूर्ण केली. वूस्टरमधील एका वाद्यविक्रेत्याचा हा मुलगा, कोणत्याही संगीत विद्यालयाची पदवी न घेता, शिकवण्या करीत बेचाळिशीपर्यंत आला होता. त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्याच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'चा पहिला प्रयोग लंडनमध्ये झाला आणि त्याचे नाव एकाएकी इंग्लंडभर झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, 5 ऑक्टोबर रोजी, नॉर्विच येथील संगीतोत्सवात क्लारा बट या सहा फुटांहून उंच आणि घनगंभीर आवाजाच्या गायिकेने ही समुद्रगीते प्रथम गायिली. संचालन खुद्द एल्गारचे होते, आणि गायिकेने त्या प्रसंगी मत्स्यकन्येला शोभेलसा पोशाख केला होता. गीतांचे शब्द पाच निरनिराळ्या कवींचे आहेत. त्यांत एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग ही प्रख्यात कवयित्री सोडली तर बाकीची नावे आज इंग्रज वाचकालाही फारशी ठाऊक नाहीत. हे अनवधानाने झालेले नव्हे. अत्युत्तम काव्य हे मुळातच संगीत असते, म्हणून गाण्यासाठी दुय्यम प्रतीच्या काव्यातले चांगले ते निवडावे, अशी एल्गारची धारणाच होती.

या पाचांपैकी दुसऱ्या गीताची कवयित्री एल्गारची पत्नी ॲलिस ही होय, आणि तिच्या चरित्राचा एक धागा आपल्या मुलखाशी जुळलेला आहे. तिचे पिते सर हेन्री रॉबर्ट्स हे मुंबई इलाख्याच्या फौजेतील अधिकारी. ते मेजर-जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले, आणि ॲलिसचा जन्म 1848 साली कच्छ संस्थानची राजधानी असलेल्या भुज येथे झाला. अशा घराण्यातील कन्येने आपल्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, कॅथलिक पंथाच्या आणि दुकानदाराच्या पोटी जन्मलेल्या संगीतशिक्षकाशी 1889 साली विवाह करावा, हे तिच्या आप्तांना मुळीच रुचले नाही. तिने मात्र स्वतःचे लेखन मागे सारून पतीच्या संगीतासाठी आयुष्य वेचले. तो सुरांच्या कागदावर लिहू लागण्यापूर्वी त्यावरील रेघा आखून देण्यापर्यंत तिची सेवा होती. तिचे हे गीत अवघ्या दोन मिनिटांचे आहे. बाहेर वादळ उठले असता प्रेम तेवढे टिकून राहते एवढाच त्याचा आशय; पण एल्गारने त्याला दिलेली वाद्यसाथ इतकी विरळ व मृदू आहे की त्या साथीतच पतीची कृतज्ञता ऐकू यावी.

क्लारा बटनंतर ही गीते दीर्घकाळ तिच्यासारख्याच खोल, भारदस्त स्त्रीकंठाची, म्हणजे पाश्चात्य परिभाषेत कॉन्ट्राल्टोची, मिरास मानली गेली. जॅनेट बेकरचा आवाज या जातीचा नव्हे. तो मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या पट्टीचा, काहीसा हलका आणि आतून उजळलेला. यॉर्कशरमध्ये 1933 साली जन्मलेली ही मुलगी प्रथम लीड्सच्या एका बँकेत नोकरी करीत होती. तेथून ती लंडनला गेली, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिला बत्तीस वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. तिच्या गाण्यात भारदस्तपणाची जागा शब्दाच्या अर्थाने घेतली, आणि मला वाटते, या तबकडीचे खरे महत्त्व येथेच आहे. दुय्यम प्रतीचे शब्द तिने जराही दुय्यम मानले नाहीत. प्रत्येक शब्दाचे व्यंजन स्वच्छ उमटते, तरी सुराची सलगता कोठे तुटत नाही.

या तबकडीचे संचालक सर जॉन बार्बिरोली यांचा जन्म ही गीते प्रथम गायिली गेली त्याच 1899 सालचा, दोनच महिन्यांनंतरचा. ते मूळचे चेलोवादक, आणि 1919 साली एल्गारच्या चेलो कन्चेर्टोचा पहिला प्रयोग झाला तेव्हा वाद्यवृंदात बसलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तारेवर बोट किंचित घसरू देण्याची जी जुनी रीत एल्गारच्या काळी सर्रास होती आणि पुढे गावंढळ म्हणून टाकून देण्यात आली, ती बार्बिरोलींनी आपल्या वादकांकडून जतन करविली. मींडेला सरावलेल्या आपल्या कानाला हा वाद्यवृंद जवळचा वाटतो त्याचे एक कारण हेच असावे. कन्चेर्टो किंग्जवे हॉलमध्ये मुद्रित झाला. समुद्रगीतांसाठी मात्र 30 ऑगस्ट रोजी सर्व मंडळी ॲबी रोडच्या पहिल्या क्रमांकाच्या स्टुडिओत जमली. या स्टुडिओचे उद्घाटन 1931 साली वृद्ध एल्गारच्याच हस्ते झाले होते, आणि त्या दिवशी त्याने ज्या वाद्यवृंदाचे संचालन केले तोही लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच होता.

आता प्रत्यक्ष गाण्याकडे वळू. पहिल्या गीतात समुद्र माता होऊन निजवितो. तेथे गाँगवर, म्हणजे काशाच्या मोठ्या थाळीवर, आणि मोठ्या ढोलावर इतके हलके आघात होतात की ते ऐकू येण्याआधी जाणवतात. आणि त्यांच्यावर बेकरचा खालचा सूर, जराही दाब न देता, पाण्यासारखा पसरतो. तिसरे गीत रविवारी सकाळी जहाजावर एकाकी असलेल्या स्त्रीचे. त्यातील भक्तिभाव सहज जड व आडंबरी होऊ शकतो, आणि अनेक गायिकांच्या कंठी तो तसा होतोही. बेकर आरंभी स्वतःला इतके आवरून धरते की शेवटी सारा वाद्यवृंद उसळतो तेव्हा तो उत्कर्ष तिने कष्टाने मिळविलेला वाटतो.

पण या संचाचे हृदय म्हणजे चौथे गीत, समुद्रतळाच्या प्रवाळांच्या देशाची ओढ लागलेल्या जिवाचे. तंतुवाद्ये गजाऐवजी बोटांनी छेडली जातात, चाल जवळजवळ नृत्याची आहे, आणि एल्गारच्या हयातीतही हेच गीत सर्वांत लोकप्रिय होते. अखेरच्या कडव्यात तो जीव आपल्या प्रियजनाकडे निरोप मागतो. येथे दुसरी कोणीही गायिका आवाज वाढवून आर्तता आणू पाहील. बेकर उलट आवाज आत घेते, लय किंचित रेंगाळू देते, आणि बार्बिरोली सगळा वाद्यवृंद त्या रेंगाळण्याबरोबर श्वासभर थांबवितात. गायिका आणि संचालक यांच्यात असा समजूतदारपणा केवळ तालमीने येत नाही. परस्परांचे गाणे अंतःकरणापासून ऐकावे लागते. पाचवे गीत वादळाचे आणि पोहणाऱ्याचे. ते सर्वांत लांब व दणकट असून त्यात वाद्यवृंदाला पूर्ण मोकळीक मिळते.

ही तबकडी पुढे सीडीच्या रूपानेही निघाली आणि ती आजही सहज मिळते. ज्यांना पाश्चात्य कंठसंगीताचा परिचय नाही त्यांनी प्रारंभ चौथ्या गीतापासून करावा, ते दोनतीनदा ऐकावे, आणि मग पाचही गीते क्रमाने, मध्ये न थांबता ऐकावीत. सगळी मिळून तेवीस-चोवीस मिनिटांचीच आहेत. कन्चेर्टोसाठी ही तबकडी आधीच घरात आणलेली असेल, तर एकदा तरी बाजू उलटावी.