सोंग आणि रहस्य : तंजावरच्या रंगपरंपरेच्या प्रकाशात

रहस्यकथा लपवणुकीवर उभी असते, तर प्रहसन उघडपणावर. त्यामुळे मोजक्या नटांनी करावयाचे रहस्यकथेचे विनोदी नाट्यरूपांतर प्रथमदर्शनी विसंगत वाटते. आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी १९०१-०२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. स्टीव्हन कॅनी व जॉन निकल्सन यांच्या २००७ मधील विनोदी रूपांतरात सारी पात्रे तिघेच नट वठवितात. एक संशयित वेष बदलून दुसरा संशयित होतो, आणि प्रेक्षकाला हे ढळढळीत दिसते. मग रहस्य उरते कोठे?

या प्रश्नाचा विचार करताना तंजावरची परंपरा उपयोगी पडते. शहाजीराजांच्या काळी (१६८४–१७१२) येथील भोसले दरबारात मराठी व तेलुगू नाटके रचली गेली. ‘पंचभाषाविलास’मध्ये तर पात्रे पाच भाषांतून बोलतात, म्हणजे भाषा हीच पात्राची ओळख ठरते. या प्रदेशातील नाटकांत पात्र रंगभूमीवर येते ते प्रवेशाच्या ‘दरू’बरोबर, म्हणजे आपली ओळख सांगणाऱ्या पदाबरोबर. मेलट्टूरच्या भागवत मेळ्यात आरंभी कोणंगी हा विदूषक येतो, आणि स्त्रीभूमिका पुरुषच करतात. येथे सोंग लपविले जात नाही, ते जाहीर केले जाते. कथाही सर्वांना ठाऊक असते. तरीही कुतूहल मावळत नाही; ‘काय घडले’ यावरून ते ‘कसे घडते’ याकडे वळते.

हाच धागा तमिळ गुप्तहेरकथेतही आढळतो. तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील वडुवूरचे के. दुरैसामी अय्यंगार यांच्या ‘दिगंबर सामियार’ या कादंबरीवरील १९५० च्या चित्रपटात एम. एन. नंबियार यांनी अनेक वेषांतरे केली. वेषामागचा माणूस प्रेक्षकाला ठाऊक, गुन्हेगाराला मात्र नाही. या अंतरातूनच उत्कंठा आणि हशा दोन्ही निर्माण होतात.

परंतु सोंग उघडे ठेवले म्हणून पुरावाही सैल सोडावा, असे नव्हे. डॉयलच्या कथेत हॉटेलातून सर हेन्रीचा नवा बूट चोरीस जातो, मग जुना नाहीसा होतो आणि नवा परत येतो. प्रहसनाला हा आयताच मिळालेला प्रसंग. पण त्याचे मर्म असे की, न वापरलेल्या बुटाला माणसाचा वास नसतो. आणि कुत्र्याला माग काढण्यासाठी तोच हवा असतो. हशाच्या भरात हा दुवा निसटला, तर शेवटचा उलगडा केवळ लेखकाची लहर ठरेल.

म्हणून अशा रूपांतराची कसोटी नटांच्या संख्येवर वा वेष बदलण्याच्या वेगावर लावू नये. नट कोण हे प्रेक्षकाने खुशाल ओळखावे. बूट मात्र त्याने हसत हसतच लक्षात ठेवला पाहिजे. हे साधले तर विनोद रहस्याचा वैरी न होता त्याचा सूत्रधार होतो.